धायरीचे बारा उपाशी वाफे

सदाशिव पेठेतून धायरीला जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहावं का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं मत अर्थातच लिहावं असं आहे. बायकोचं, म्हणजे सुमनचं, म्हणणं असं की लोक अमेरिकेला जाऊन येतात आणि फोटो दाखवून थांबतात. बसने पाऊण तासावर जाऊन कागद खर्ची घालायचं कारण नाही. पण धायरी आपण पाहिली आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पाहिलेली नसते. सिंहगडावर मी शंभरदा तरी गेलो असेन आणि प्रत्येक वेळी धायरी फाट्यावरून नाकासमोर पुढे निघून गेलो. तिथे डावीकडे वळायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, पल्लवीमुळे.

पल्लवी आमच्या वरच्या खोलीत राहते. वाशीमकडच्या एका खेड्यातली मुलगी, शेतकीच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रयोग करडईवर होता. दोन झाडांत किती अंतर ठेवलं आणि त्यांना किती खत दिलं, तर दाणे किती येतात आणि त्या दाण्यांत तेल किती भरतं, एवढंच तिला शोधायचं होतं. ऐकायला सोपं आहे. पण करडई रब्बीत येते, वर्षातून एकदाच. प्रयोग फसला की पुढच्या हंगामापर्यंत बसून राहायचं, आणि ते वर्ष तिला घरून मिळणार नव्हतं. दोन वर्षांत काय ते कर, मग धाकटीला शिकायला पाठवायचंय, असं वडिलांनी निघतानाच सांगितलं होतं. त्यामुळे धायरीतले ते सात-आठ गुंठे म्हणजे तिचा सगळा जीव होता.

एकदा चहा पिताना ती म्हणाली की झाडांतलं अंतर नीट राखायला कोणीतरी माणूस हवा. आता मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. दोन इमारतींमध्ये किती जागा सोडावी याच्या रेषा मारण्यात माझी उमर गेली, आणि त्या रेषा कोणी पाळल्या नाहीत हे सिंहगड रस्त्यावरून जाताना बसच्या खिडकीतून दिसतंच. झाडं तरी ऐकतील असं मला वाटलं. मी लगेच येतो म्हणालो.

फाट्यावरून डावीकडे

पहिली फेरी दसरा-दिवाळीच्या मधली. स्वारगेटहून बस धरली. सामानात स्टीलची पट्टी, टेप, टोपी, घरचं पाणी आणि छत्तीस पाट्या. पत्र्याच्या त्या पाट्या मी स्वतः रंगवल्या होत्या, ड्राफ्ट्समनच्या अक्षरात. पुण्याच्या माणसाजवळ पाट्या पाहून कंडक्टरला मुळीच नवल वाटलं नाही. पार्किंगच्या आहेत का, एवढंच त्याने विचारलं.

धायरीत उतरून दोन वळणं घेतली की अकरा मजल्यांच्या दोन इमारती लागतात, आणि त्यांच्या मधोमध हे शेत. वरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, खाली करडईचे हिरवे तास, म्हणजे ओळी. शेताच्या एका टोकाला हौसाबाईंचं बैठं घर, त्याला लागून गोठा, गोठ्यात एक गाय आणि दोन शेळ्या. घरची बाकीची जमीन इमारतींत गेली. मुलगा त्यातल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. हौसाबाई काही वर जायला तयार नाहीत. वर माती नाही, हे त्यांचं कारण. पल्लवीच्या गाईडची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून हा तुकडा प्रयोगाला मिळाला होता.

माझी टोपी आणि टेप पाहून त्यांनी मला थेट साहेब करून टाकलं. मी साहेब नाही असं दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण ऐकायला बरं वाटत होतं.

त्या दिवशीचं काम विरळणीचं होतं. करडई आधी दाट पेरतात, आणि रोपं बोटभर-वीतभर झाली की ठरावीक अंतरावर एकेक ठेवून मधली उपटून टाकतात. पल्लवीने तीन अंतरं ठरवली होती: काही वाफ्यांत दर दहा सेंटिमीटरला एक रोप, काहींत वीस आणि काहींत तीस. मी गुडघ्यावर बसून पट्टी लावली. बरोबर वीसच्या खुणेवर एक मरतुकडं रोप होतं आणि अठरावर एक गुटगुटीत. पल्लवी म्हणाली, गुटगुटीत ठेवा. मी म्हणालो, मग वीस कशाला म्हणायचं? ती हसली आणि पुढच्या तासाकडे सरकली. मी गुटगुटीत ठेवलं, पण ते दोन सेंटिमीटर मला दुपारपर्यंत टोचत होते. शिवाय जिवंत, निरोगी रोपं नुसती मध्ये आली म्हणून उपटायची, याला हात धजत नाही. पहिल्या तासाला मी प्रत्येक रोपाची मनात माफी मागितली. पाचव्या तासापर्यंत निगरगट्ट झालो.

हौसाबाई मागून येऊन उपटलेली रोपं ओच्यात भरत होत्या. तीच दुपारी ताटात आली. करडईची कोवळी भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. तुरीची डाळ घालून, वर लसणाची चरचरीत फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. आमच्या घरी तिच्यात गूळ पडला असता आणि सगळा विचका झाला असता. वाढायची रीतही वेगळी. आमच्या पेठेत 'घेणार का अजून थोडं?' असं विचारतात आणि ते अशा सुरात, की माणूस आपोआप नको म्हणतो. हौसाबाई विचारतच नाहीत. ताटात जागा दिसली की त्यांचा हात पुढे येतो. पल्लवीच्या ताटावर तर त्यांची खास नजर. मेसचं खाऊन पोर वाळली असं म्हणत त्यांनी तिला तिसरी भाकरी वाढली, आणि आमच्याकडे कधी जेवली तर अर्धी पोळी टाकून उठणाऱ्या त्या मुलीने ती मुकाट्याने संपवली.

जेवणानंतर पाट्या रोवल्या. तीन अंतरं आणि खताचे तीन प्रकार, पूर्ण, अर्धं आणि शून्य, म्हणजे नऊ तऱ्हेचे वाफे. शेताचे चार भाग पाडून प्रत्येक भागात हे नऊच्या नऊ पुन्हा. एकदा करून भागत नाही का, फार तर दोनदा, चारदा कशाला, असं मी कंबर धरून विचारलं. पल्लवी म्हणाली, "सर म्हणतात, शेतात एखादा भाग कुठेतरी बिघडतोच." सरांना स्वतःला वाकावं लागत नाही, असं मी पुटपुटलो.

निघताना हौसाबाई घरासमोरच्या एका पाटीपाशी थांबल्या. पाटीवर मी भलंमोठं शून्य काढलं होतं. पेरणीच्या दिवशी खताचं घमेलं त्यांनीच फिरवलं होतं आणि काही वाफे वगळलेले पाहिले होते. तेव्हा खत कमी पडलं असेल अशी त्यांची समजूत झाली होती. हे शून्य कसलं, असं त्यांनी मला विचारलं. खरं उत्तर दोन मिनिटांचं होतं. पण पुणेरी माणसाला अशा वेळी खरं उत्तर सुचत नाही.

"यांना उपास आहे, ताई," मी म्हणालो. "बाकीचे जेवणार, हे नुसते पाण्यावर."

"किती दिस?"

"काढणीपर्यंत."

त्या नुसत्या वाफ्याकडे बघत राहिल्या. घरी येऊन मी हा विनोद सुमनला सांगितला. तीही हसली नाही.

संक्रांतीनंतर

मधले दोन-अडीच महिने पल्लवी परीक्षांत अडकली होती आणि वाफ्यांना पाणी द्यायचं काम हौसाबाईंकडे होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शेत ओळखू येईना. कंबरेएवढी झाडं, शेंड्याशेंड्यावर फुलं. करडईचं फूल उमलतं पिवळं, मग केशरी होतं आणि सुकता सुकता लाल. दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्यांत लोक मोबाइल घेऊन उभे होते. काही हौशी मंडळी फोटोसाठी खालीही उतरली होती, पण करडईच्या पानांना आणि बोंडांना काटे असतात. तिच्यासोबत कोणी फार जवळून फोटो काढत नाही.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दहा सेंटिमीटरच्या एका वाफ्यात उंची मोजायला मी ऐटीत शिरलो आणि तिथेच अडकलो. पँट दोन्ही बाजूंनी काट्यांत. पुढे गेलो तर उजवी फाटणार, मागे आलो तर डावी. शेवटी हौसाबाईंनी विळ्याच्या मुठीने एकेक फांदी बाजूला करून मला सोडवलं. वरच्या गॅलरीतल्या कोणीतरी त्याचाही फोटो काढला.

पण अडकल्यामुळे नीट बघायला मिळालं. त्या दाट वाफ्यात मला आमची पेठच दिसली. सगळे एकमेकांना खेटून, बारीक अंगाचे, उजेडासाठी मान उंच केलेले, आणि झाडाला बोंडं जेमतेम तीन-चार. तीस सेंटिमीटरवाल्यांचा थाट निराळा. ऐसपैस फांद्या, बोंडंच बोंडं. मात्र झाडंच कमी आणि मधली जमीन रिकामी. वीसवाले मधले, खाऊनपिऊन सुखी. एकेका झाडाची श्रीमंती आणि अख्ख्या वाफ्याची श्रीमंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं पल्लवीने मला समजावलं. आम्ही इमारतींच्या बाबतीत हा विचार कधी केला नव्हता.

ती वही घेऊन बोंडं मोजत घरासमोरच्या भागात गेली आणि मध्येच थांबली. मी जाऊन पाहिलं. शून्याच्या पाटीचे तिथले तीन वाफे गर्द हिरवे होते, शेजारच्या पूर्ण खतवाल्यांच्या तोडीस तोड. तिने वही पाहिली, पाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. काका, पाट्यांची अदलाबदल तर नाही ना झाली, असं तिने विचारलं. मला राग आला. मी नकाशा काढून एकेक वाफा ताडून दाखवला. पाट्या बरोबर होत्या. मग ती बांधावर बसली आणि वही मिटून मांडीवर ठेवली. शून्यच खोटं निघालं तर बाकीचे सगळे आकडे कशाशी ताडायचे, असं ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात हौसाबाई चहा आणि तिळगूळ घेऊन आल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बघितली का कशी सुधारली? पयली पार पिवळी पडली व्हती."

पल्लवी पुण्यात आमच्यासारखंच बोलते. घाबरली की मात्र वाशीमची बोली तोंडी येते. "तुमी दिलं काही यायले?" तिने विचारलं. "कायले दिलं वो मावशी?"

हौसाबाईंनी अगदी सरळपणाने सांगितलं. दिवाळीच्या पाडव्याला घरात सगळ्यांनी गोडधोड खाल्लं. गाईला घास दिला, शेळ्यांना दिला. आणि दारासमोर हे तिघं उपाशी. त्यांना राहवेना. बादलीत शेण कालवून त्यांनी ते पाणी वाफ्यांना घातलं, आणि मग दर पंधरवड्याला घालत राहिल्या. "सायेबच म्हनलं न्हवं, उपास हाय म्हून," त्या माझ्याकडे वळल्या. "येवढा लांब उपास कोन धरतं का, सायेब?"

मला बांधाखाली शिरावंसं वाटलं. खोट्या आजारपणाची रजा मी पस्तीस वर्षांत एकदाही घेतली नाही, खोटं माप कधी लिहिलं नाही, आणि एका फुटकळ विनोदापायी या मुलीचं वर्ष घालवलं. मी पल्लवीला सगळं सांगितलं. उपासाचं मीच बोललो, गंमत म्हणून.

"काका, ती गंमत होती?" तिने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. आमच्या पेठेत ते लगेच कळलं असतं, पण आम्ही पेठेत नव्हतो, आणि हौसाबाईंनी माझा शब्द खरा धरला होता. मला फार लाज वाटली.

मग पल्लवी उठली. शून्याच्या सगळ्या बारा वाफ्यांना दिलं का, असं तिने विचारलं. हा प्रश्न विचारताना तिने माझी बाही घट्ट धरली होती. हौसाबाईंनी हाताने दाखवलं.

"ह्येच तीन. मागचं मला दारातनं दिसत नाय, बाई. ही रोज डोळ्यापुढं, म्हून जीव तुटायचा."

आम्ही तिघंही मागे गेलो. जवळजवळ पळतच. उरलेल्या तीन भागांतले नऊ शून्यवाले वाफे खुजे होते, पिवळट, बोंडं बारकी. कोणाची उपासमार पाहून मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. पल्लवी हसत होती आणि डोळे पुसत होती. हौसाबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांना आजवर तिघांचीच काळजी होती, आता आणखी नऊ दिसले. त्या बोटाने मोजू लागल्या.

पल्लवीने त्यांचा हात धरला. यांना काहीच दिलं नाही, तरच बाकीच्यांना दिलेल्याचा फायदा किती झाला ते कळतं. यांच्यामुळे पुढे बाकीच्या शेतकऱ्यांना नेमकं किती खत घालायचं ते सांगता येईल, असं तिने समजावलं. हे उत्तर मला ऑक्टोबरात देता आलं असतं. हौसाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना पटलं, काढणीपर्यंत काही घालणार नाही असा शब्दही त्यांनी दिला, पण बरं वाटलं नाही.

"आन काढणी झाली की?" त्यांनी विचारलं.

"मग जमीन तुमचीच, मावशी."

तिथूनच गाईडना फोन लावला. सगळं ऐकून सर हसले. समोरचा भाग पूर्ण वगळ, तीन भाग पुरतात, चार घ्यायला लावले ते याचसाठी, असं म्हणाले. वगळण्याचं कारण मात्र थिसिसमध्ये स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही. सर स्वतः वाकत नाहीत हे माझं विधान मी मनातल्या मनात मागे घेतलं. त्यानंतरचा तिळगूळ फार गोड लागला.

दव असताना

करडई कापायची ती पहाटे. दवाने काटे मऊ पडलेले असतात. ऊन चढलं की ती हात लावू देत नाही. सुमनने मला हातात घालायला जुने लोकरी पायमोजे दिले आणि अखेर, या धायरीत आहे तरी काय ते बघायला म्हणून, स्वतःही निघाली. पहिल्या बसमध्ये आम्ही दोघं आणि पल्लवी. हातात पायमोजे घालून विळा धरलेला माणूस धायरीने त्या दिवशी प्रथमच पाहिला असावा. हौसाबाई पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होत्या. सुमनची आणि त्यांची पाच मिनिटांत गट्टी झाली. माझ्याविषयी दोघींचं एकमत होतं.

प्रत्येक वाफ्याची पेंढी वेगळी, तिला त्याच वाफ्याची चिठ्ठी बांधलेली. चार दिवस वाळवल्यावर झोडपायला पुन्हा गेलो. ताडपत्रीवर काठीने बडवायचं, पाखडायचं, पांढरे टपोरे दाणे पिशवीत भरायचे आणि वजन करायचं. हे लिहीपर्यंत तेलाचा अहवालही आला आहे. वीस सेंटिमीटरवाले वाफे जिंकले. अर्ध्या खतावरून पूर्ण खतावर गेलं तर दाणे थोडे वाढले, पण त्यांतल्या तेलाचा अंश जरासा उतरला. जास्त खाऊ घातलं म्हणजे जास्त तेल भरतं असं नाही, हे मी सुमनला दोनदा सांगितलं. तिने माझ्या पोटाकडे बघून मान डोलावली.

थिसिस पुरा झाला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'पहिल्या भागातील खत न दिलेल्या तीन वाफ्यांना जमीनमालकिणीने शेणकाला दिल्यामुळे तो भाग गणनेत धरलेला नाही.' असं वाक्य असलेला थिसिस दुसरा नसावा. त्यात माझा उल्लेख नाही, ही पल्लवीची मेहेरबानी.

पण मला सांगायचंय ते झोडणीच्या दिवसाचं. शेवटची पिशवी तोलून पल्लवीने आकडा लिहिला आणि वहीखाली रेघ मारली. हौसाबाई सकाळपासून याचीच वाट पाहत होत्या.

"समदं मोजून झालं?"

"झालं, मावशी."

"येक दाना बी ऱ्हायला नाय?"

"नाही."

त्यांनी आम्हाला गोठ्यामागे नेलं. तिथे पोत्यांनी झाकलेल्या टोपल्या एका ओळीत मांडलेल्या होत्या, शेणखताने काठोकाठ भरलेल्या. मी मोजल्या. नऊ होत्या. संक्रांतीनंतर आम्ही मागून परतलो त्याच आठवड्यात त्यांनी त्या भरल्या होत्या. महिनाभर रोज बघायच्या आणि पुन्हा झाकायच्या. दिलेला शब्द म्हणून एक मूठही त्यांनी आधी टाकली नव्हती.

पल्लवी पहिली टोपली उचलून चालू लागली. सुमनने, जिने चाळीस वर्षांच्या संसारात शेणाला हात लावला नव्हता, दुसरी उचलली. मी वाफ्यावाफ्यावर जाऊन शून्याच्या पाट्या उपटल्या आणि त्या जागी टोपल्या रिकाम्या होत गेल्या. रोपं केव्हाच कापून झाली होती, खाली नुसते खुंट आणि माती. तरी एकाही वाफ्याला कमी-जास्त होऊ नये म्हणून हौसाबाई प्रत्येक टोपलीचा तळ हाताने खरवडत होत्या. नववी टोपली माझी. वरच्या गॅलरीतून कोणीतरी बघत होतं. मी ती डोक्यावर घेतली, टोपीसकट, आणि शेवटच्या वाफ्यात ओतली.

हौसाबाईंनी ते खत पायाने सारखं केलं, हात झटकले आणि माझ्याकडे पाहिलं.

"सुटला येकदाचा उपास, सायेब," त्या म्हणाल्या. "चला, आता तुमी जेवून घ्या."